आत्याच्या पोथीचं शेवटचं पान

आत्या जेवत नाही, असा आतेभावाचा फोन आला तेव्हा मला वाटलं, सुनेशी काहीतरी बिनसलं असेल. तेव्हा मी दिल्लीत, मुनिरकात खोली घेऊन राहत होते. फोन खालच्या मजल्यावर घरमालकांकडे यायचा, आणि घरमालकीणबाई, मराठीचं एक अक्षर कळत नसतानाही, शेजारी उभ्या राहून मन लावून ऐकायच्या. त्यामुळे सविस्तर विचारायची सोय नव्हती. "अच्छा, येते रविवारी," एवढं बोलून मी फोन ठेवला आणि रविवारी बदरपूरला बस बदलून फरीदाबाद गाठलं.

भांडण वगैरे काही नव्हतं. आत्या देवासमोर बसली होती आणि पुढ्यात लाल फडक्यावर पोथी होती. आमच्या कुलदेवीचं एक लहानसं संस्कृत माहात्म्य आहे, ते ती रोज सकाळी म्हणायची. लग्नानंतर कुळ बदललं तरी हा नेम तिने माहेरचाच ठेवला होता. पाठ पुरा झाल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, चहा मात्र चालेल, असा तो नेम. मी दारात उभी राहून ऐकत होते. शेवटच्या अध्यायात एका श्लोकाच्या अर्ध्यावर ती थांबली, पान उलटायला हात पुढे केला, आणि पुढे पानच नव्हतं. तिने जरा वेळ फडक्यावर हात फिरवला. मग पानं गोळा करून नीट लावली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

हे असं सकाळपासून चाललं होतं, आणि वहिनी म्हणाली तसं, पंधरवड्यापासून. दुपारी आत्या थकून तिथेच कलंडायची, तेव्हा तिच्या पोटात कसंबसं दूध जायचं. मनगटातल्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या होत्या.

ही पोथी म्हणजे शिवलेलं पुस्तक नव्हे. आडवी सुटी पानं, वर-खाली लाकडी फळ्या आणि भोवती फडकं. कोकणातल्या कुठल्याशा शिळाछापावर, म्हणजे हाताने लिहिलेली पानं दगडावर उतरवून छापतात त्यावर, देवीच्या एका भक्ताने स्वखर्चाने छापून घेतलेली. आत्याचे यजमान निवृत्त झाले, दिल्लीतलं सरकारी क्वार्टर सुटलं, आणि सामान फरीदाबादला हलवताना शेवटची पानं कुठेतरी गळाली. कोणाला त्याचं फारसं वाटलं नाही, कारण आत्याला सगळं तोंडपाठ होतं. पानं समोर ठेवायची ती केवळ रीत म्हणून. आता म्हातारपणी डोक्यातलंही नेमकं तेवढंच गळालं होतं.

आणखी एक गोष्ट मला आधी कोणी सांगितली नव्हती. आत्या मला ओळखत नव्हती. "या बाई, बसा. शाळा सुटली?" म्हणाली. मी तिला माझं नाव सांगितलं, तिने नम्रपणे मान डोलावली, आणि पुन्हा "बाई, चहा घेणार ना?" म्हणून विचारलं. आई आजारी असताना शाळेची काही वर्षं मी या आत्याकडेच काढली होती. तिने माझ्या वेण्या घातल्या होत्या, पाढे चुकले म्हणून धपाटेही घातले होते. मला रडू आलं आणि रागही आला. राग कुणावर, ते मात्र कळेना.

आतेभाऊ कारखान्यात इंजिनियर. प्रॉब्लेम म्हटला की सोल्युशन असलंच पाहिजे, अशी त्याची श्रद्धा. त्याने बाजारातून देवीच्या स्तोत्रांची कॅसेट आणून लावून पाहिली होती. आत्याने ती संपेपर्यंत हात जोडून ऐकली आणि मग पहिल्यापासून आपला पाठ सुरू केला. "तू तर दिवसभर लायब्ररीतच असतेस ना?" तो मला म्हणाला. "तिथनं एक कॉपी आण ना यार. छापलेलं पुस्तक आहे, कुठेतरी असणारच." मदर डेअरीच्या बूथवरून दूध आणायचं असावं, तसा त्याचा सूर होता. मी इतिहासात संशोधन करत होते, आणि माझं संस्कृत शाळेपुरतं. पण आत्याच्या मनगटाकडे बघून मी हो म्हणाले. पहिल्या पानावरचा मजकूर, म्हणजे नाव, गाव, छापखाना, शके अमुक, असं सगळं एका चिठ्ठीवर उतरवून घेतलं.

पहिलं ग्रंथालय मोठं, सरकारी, एअर कंडिशनर असलेलं. तिथे कार्डांचे ड्रॉवर रोमन अक्षरांत लावलेले, त्यामुळे आमच्या देवीला इंग्रजीत कसं लिहिलं असेल हा पहिला प्रश्न. मी तीन-चार तऱ्हांनी शोधलं. एका तऱ्हेने भूगोलाचं पुस्तक निघालं, बाकीच्या तऱ्हांनी काहीच नाही. मग काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं की माहात्म्य म्हणजे कुठल्यातरी पुराणाचा भाग, तर त्या पुराणाखाली बघा. आमचं माहात्म्य कोणत्या पुराणातलं, हे मला ठाऊक नव्हतं. आत्याला विचारण्यात अर्थ नव्हता. मग त्या म्हणाल्या, पुराणांचे कर्ते म्हणून ज्या ऋषींचं नाव घेतात त्यांच्या नावाखाली बघा. त्या ऋषींच्या नावाचे ड्रॉवर भिंतभर होते. मी एकेक ओढून बघत गेले आणि आठवड्याच्या शेवटी एवढंच कळलं की आपण काय शोधतोय हेच आपल्याला नीट माहीत नाही.

दुसरं वाचनालय जुन्या दिल्लीतल्या एका गल्लीत, वर जिना चढून. तिथे कार्डंबिर्डं नव्हती, एक वयस्क गृहस्थ होते आणि त्यांची आठवण होती. त्यांनी देवीचं नाव ऐकलं, आतल्या खोलीत गेले, आणि मला पाणी विचारायच्या आत एक पातळ पुस्तक घेऊन आले. तेच माहात्म्य, नंतरच्या काळात मोठ्या छापखान्यात खिळे जुळवून छापलेलं, शेवटच्या पानासकट. इतकं सोपं होतं तर मी आठवडाभर कशात डोकं घालत होते, असं वाटून मला हसू आलं. झेरॉक्स काढून मी त्याच दिवशी फरीदाबादला गेले. वहिनीने आनंदाने शिरा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या अडली तिथून मी वाचायला लागले. तिने डोळे मिटून ऐकलं. मी संपवलं, तशी ती म्हणाली, "छान वाचता हो बाई. पण हे आपलं नाही." आणि पहिल्यापासून सुरू.

मी झेरॉक्स आणि पोथी शेजारी शेजारी ठेवून पाहिली. खरंच नव्हतं. कुणा संपादकाने शेवटचा अध्याय कापून, सारखा करून, भलत्याच श्लोकांवर संपवला होता. वर प्रस्तावनेत "पाल्हाळ गाळला आहे" असं अभिमानाने लिहिलं होतं. म्हणजे ज्या बाईला भाची ओळखू येत नव्हती, तिला चार श्लोकांतला फरक बरोबर ओळखू आला. याचा अर्थ काय लावायचा? डॉक्टर म्हणायचे, आठवणी जाताना अशा एकसारख्या जात नाहीत. आतेभाऊ म्हणायचा, तिला काही कळत नाही, तू उगाच मनाला लावून घेतेस. मला कधी डॉक्टरांचं पटायचं, कधी त्याचं. शिरा आम्हीच खाल्ला.

त्यानंतर मी हट्टाला पेटले. माझं संशोधन बाजूला पडलं, गाईड विचारायला लागले. विभागाचं शिफारसपत्र घेऊन मी दिल्लीतली ग्रंथालयं पालथी घातली. एका ठिकाणी कळलं की तिथल्या संस्कृत विभागाला महाराष्ट्रातल्या एका शास्त्रीबुवांचा सगळा संग्रह देणगी म्हणून आला आहे. छापील पुस्तकांच्या यादीत आमचं माहात्म्य नव्हतं. हस्तलिखितांच्या कार्डांत मात्र होतं. नाव तेच. पण कार्डावर इंग्रजी साल होतं ते आमच्या पोथीच्या कितीतरी आधीचं, शंभरावर वर्षं. त्या काळी आपल्याकडे देवनागरीत छापणार कोण? तेव्हा हे कुणीतरी हाताने लिहिलेलं, निराळंच काहीतरी. मला छापील आवृत्ती हवी होती. नोंद म्हणून ते कार्ड चिठ्ठीच्या मागच्या बाजूला उतरवलं आणि निघाले.

पुढे काय करायचं ते सुचेना. फरीदाबादहून फोन यायचे, आणि प्रत्येक फोनमध्ये आत्याने काय खाल्लं नाही याची भर पडलेली असायची. मी वाचनालयांत हिंडत होते आणि तिकडे ती माझ्या एका पानासाठी वाळत चालली होती, असं मला वाटायचं. रात्री कार्डांचे ड्रॉवर डोळ्यांसमोर यायचे.

नोएडाला बाबांकडे गेले तेव्हा हे सगळं त्यांच्यापुढे ओकले. बाबा म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ. दिल्लीत केंद्र सरकारच्या मंत्रालयात सगळी नोकरी काढून निवृत्त झालेले. त्यांना त्या पाठातलं काही येत नव्हतं. तो बायकांचा नेम, आई म्हणायची तेव्हा मी मैदानावर असायचो, असं ते न लाजता सांगायचे. त्यांनी माझ्या हातातली चिठ्ठी घेतली, चष्मा लावला, वाचली. उलटली. पुन्हा सुलटी केली.

"हे संवत् कोणी लिहिलंय?"

"कार्डावरच होतं. संवत्, आणि त्याच्यापुढे इंग्रजी साल."

"आणि या बाजूला आत्याच्या पोथीचा शक." त्यांनी दोन्हीकडच्या आकड्यांवर बोट ठेवलं. "आकडे तेच आहेत."

मी पाहिलं. चारही आकडे तेच होते. दोन आठवडे ती चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती आणि मला ते दिसलं नव्हतं, कारण मी आपली इंग्रजी सालच बघत होते. बाबांनी आयुष्यभर सरकारी अधिसूचनांवर इंग्रजी तारखेशेजारी शकाची तारीख टाकलेली. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे, संवतातून सत्तावन्न वजा करायचे, हे त्यांना झोपेतसुद्धा यायचं. "कार्ड लिहिणारा इकडचा, उत्तरेतला माणूस आहे," ते म्हणाले. "पोथीवर नुसतं साल दिसलं की तो संवतच धरणार. आपण शक धरतो. त्याने मिळवायच्या ऐवजी वजा केलं. आणि साल इतकं जुनं निघाल्यावर छापील कसं म्हणेल बिचारा?"

"पण शके असं छापलेलं आहे की पहिल्या पानावर."

"त्याच्याकडे पहिलं पान नसेल," बाबा म्हणाले आणि भाजी वाढून घ्यायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी फरीदाबादला गेले, आणि तिसऱ्या दिवशी आत्याच्या पोथीतलं उरलेलं शेवटचं पान पुठ्ठ्यात जपून घेऊन त्या ग्रंथालयात. हस्तलिखितांच्या खोलीत पेन बाहेर ठेवावं लागायचं, फक्त पेन्सिल चालायची. तिथल्या अधिकाऱ्यांनी शास्त्रीबुवांच्या पोथीचं फडकं सोडलं. पहिलं पान खरोखरच नव्हतं. शिळाछापावरचं अक्षर हाताने लिहिल्यासारखंच दिसतं, त्यामुळे मलाही क्षणभर शंका आली. मग मी आमचं पान त्यांच्या पानाशेजारी ठेवलं. डाव्या कोपऱ्यात शाईचा तोच डाग होता. तिसऱ्या ओळीत तेच अक्षर तसंच तिरकं होतं. हाताने लिहिलेली दोन पानं अशी असू शकत नाहीत. आणि आमच्या पानानंतर त्यांच्याकडे पुढची पानं होती. अगदी शेवटी, तळाशी, नुसते सालाचे चार आकडे; शके नाही की संवत् नाही.

मी आनंदाने सगळं सांगितलं. अधिकाऱ्यांनी दोन्ही पानं ओळीला ओळ लावून ताडून पाहिली. मग म्हणाले, हे तर छापील आहे, म्हणजे हे इथलं नाहीच. आणि फडकं बांधायला लागले. छापील असेल तर ते छापील विभागात जाणार, तिथे नवा क्रमांक पडणार, नवं कार्ड होणार, आणि तोवर ते कोणालाही देता येणार नाही. किती दिवस लागतील? ते त्यांच्या हातात नव्हतं. मला कळेना हसावं की कपाळाला हात लावावा. खरं सांगितलं म्हणून हातातलं जात होतं.

"शाम तक इसे हस्तलिखित ही रहने दीजिए," मी म्हणाले. "घर में एक बूढ़ी औरत खाना नहीं खा रही।"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हे छापील आहे असं आपल्याला आत्ता कळलं म्हणायचं की संध्याकाळी, असा विचार करत असावेत. मग त्यांनी फडकं पुन्हा सोडलं, म्हणाले, हस्तलिखिताची झेरॉक्स मिळत नाही, आणि टोक केलेली एक पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. मी दुपारभर बसून ती पानं उतरवली. संध्याकाळी त्यांनी सांगितल्यावरून कार्डावरची चूक दाखवणारा अर्ज लिहून दिला आणि तशीच फरीदाबादची बस पकडली.

सकाळी मी आंघोळ करून, नेलेलं पान पोथीत परत ठेवून, आत्याशेजारी बसले. "आलात बाई?" ती म्हणाली. तिने सुरुवात केली. आवाज इतका बारीक झाला होता की मला वाकून ऐकावं लागत होतं. वहिनी दारात ताट घेऊन उभी होती. ती नगरकडच्या ख्रिश्चन घरातली. लग्नानंतर आत्याने तिला पोथीच्या खोलीत येऊ दिलं होतं, पण पोथीला हात लावू दिला नव्हता, म्हणून तीही आपणहून कधी उंबरा ओलांडत नसे. शेवटचा अध्याय आला. तो अर्धा श्लोक आला. आत्याचा हात पुढे झाला, आणि मी माझा कागद त्याच्याखाली सरकवून उरलेला अर्धा श्लोक म्हटला.

ती थांबली. मला वाटलं, आता "हे आपलं नाही" येणार, आणि मग माझ्याकडे करण्यासारखं काही उरणार नाही. पण पुढचा श्लोक मी सुरू केला तेव्हा तिचे ओठ हलत होते. त्याच्या पुढच्याला आवाज होता. मग ती माझ्यापुढे गेली. कागद तिला लागतच नव्हता. मी गप्प बसले आणि ती एकटीच म्हणत शेवटपर्यंत पोचली.

मी उठणार तोच तिने माझा हात धरला. पाठ संपला नव्हता. तिने डोळे मिटून नावं घ्यायला सुरुवात केली. लहानपणी शेवटी ती काहीतरी पुटपुटायची ते मला आठवलं. तेव्हा ते ओठांतल्या ओठांत असायचं. आता आवाजावर तिचा ताबा राहिला नव्हता, म्हणून सगळं ऐकू येत होतं. आधी गेलेल्यांची नावं. मग माझ्या बाबांचं, तेही घरातलं, जे आता कोणी घेत नाही. मग मुलाचं. मग तिने वहिनीचं नाव घेतलं, चर्चमध्ये ठेवलेलं, लग्नानंतरसुद्धा न बदललेलं, पूर्ण. वहिनीने ताट खाली ठेवलं. प्रत्येकाला सुखी ठेव, असं ती देवीला मराठीत सांगत होती.

आणि शेवटी माझं. वेण्या घालताना ती ज्या नावाने हाक मारायची ते लाडाचं नाव. "तिला सांभाळ गं," ती म्हणाली. "एकटी राहते. वेळेवर जेवत नाही."

मग तिने हात जोडले, पानं फळ्यांत ठेवली, फडकं बांधलं आणि वहिनीकडे ताट मागितलं. पहिला घास घेताना तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी तोंड फिरवून डोळे पुसत होते.

"बाई," ती म्हणाली, "आता तुम्ही जेवूनच जा."